डोंगर चढून मिळतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी डोंगरात चालतोय, आणि तितकीच वर्षं त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देतोय. सोमवारी जिना उतरताना माझा चेहरा वाकडा झाला की पहिला प्रश्न आलाच म्हणून समजा. दोर, हातोडा आणि बर्फाच्या भिंती हा माझा प्रांत नाही. मी पायवाटेने चालणारा माणूस, तेव्हा उत्तरंही त्याच उंचीची आहेत.

शेवटी मिळतं काय?

हातात घेऊन दाखवता येईल असं काहीच नाही. वर काही ठेवलेलं नसतं आणि खाली आल्यावर कुणी हार घालत नाही. मला मिळते ती एक सवलत. सात-आठ तास माझ्याकडे एकच काम असतं, पुढचं पाऊल कुठे ठेवायचं ते बघणं. एरवी मी एका वेळी चार कामं अर्धवट करत असतो.

दुसरी गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. ज्यासाठी जावं ते डोंगर सहसा देत नाही, आणि जे देतो ते आपण मागितलेलं नसतं. सूर्योदयासाठी पहाटे तीनला उठून चढलो आणि वर नुसतं धुकं, असं माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की आता मी सूर्योदयाचं नावच काढत नाही. त्यातल्याच एका धुक्यात वाटेवरच्या एकूण एक झुडपावर कोळ्यांची जाळी दिसली होती. थेंबांनी लगडली होती म्हणून दिसली. कोरड्या दिवशी त्याच झुडपांना मी खांदा घासत गेलो असतो.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मग खोटी का?

म्हण अगदी खरी आहे. दुरून डोंगर निळा आणि गुळगुळीत दिसतो. ती निळाई डोंगराची नसतेच, मधल्या हवेची असते. जवळ गेलं की ती जाते आणि काटे, माशा, घसारा सुरू होतो.

पण जवळून दिसतं ते दुरून दिसत नाही, हे म्हणीत नाही. थंड प्रदेशातल्या डोंगरांवर कातळावर पिवळट हिरवे डाग असतात, कडेला बारीक काळी रेघ, एकाला एक लागून पसरलेले, हुबेहूब नकाशासारखे. हे एक प्रकारचं दगडफूल. वर्षाकाठी ते एक मिलिमीटरही वाढत नाही, म्हणजे तळहाताएवढा डाग काही पिढ्या जुना असतो. हिमनद्या मागे सरकल्यावर उघडे पडलेले दगड किती काळ उघडे आहेत, हे भूशास्त्रज्ञ याच डागांची मापं घेऊन ठरवतात. हे समजल्यापासून मी बूट जरा बाजूला टेकतो. वेग कमी होतो, पण गुडघे टेकून दगड बघायला थांबलोय म्हटलं की दम लागल्याचंही कुणाला कळत नाही.

चढताना जीव जातो. यात आनंद कुठून आणायचा?

बहुतेकांचा जीव चढ काढत नाही, वेग काढतो. पहिल्या अर्ध्या तासात पाय ताजे असतात, गप्पा रंगात असतात, आणि माणूस पळत सुटल्यासारखा चढतो. मग पहिल्याच टेपाडावर जीभ बाहेर. कसोटी सोपी आहे: चालता चालता एक पूर्ण वाक्य मध्ये धाप न लागता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करा, कितीही हास्यास्पद वाटला तरी.

उभ्या चढासाठी एक जुनी युक्ती आहे. पुढचं पाऊल टेकवा, पण त्यावर लगेच भार टाकू नका. मागचा पाय गुडघ्यात सरळ करा आणि क्षणभर अंगाचं आणि सॅकचं सगळं वजन त्या सरळ पायावर सोडून द्या. वजन हाडं पेलतात आणि मांडीच्या स्नायूला तेवढी उसंत मिळते. मग भार पुढे घ्या, आणि पुन्हा तसंच. बघणाऱ्याला हा माणूस झोपेत चालतोय असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांनी श्वास आणि पाऊल यांची आपोआप गाठ पडते. मी सुरुवातीला आकडे मोजतो, आणि कधीतरी लक्षात येतं की मोजायचं केव्हाच विसरलोय. तुम्ही ज्या आनंदाविषयी विचारताय तो या विसरण्यात असतो. आणायला जावं लागत नाही, पण घाई केली तर येतही नाही.

साधारण किती वेळ धरावा?

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. १० किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास. यात थांबणं, फोटो, वाट चुकणं काही धरलेलं नाही. मला नेहमी जास्त लागतो. त्याची लाज वाटणं मी सोडून दिलंय.

मी कायम सगळ्यात मागे असतो. माझ्यासारख्याने जावं का?

जुंको ताबेई हे नाव लक्षात ठेवा. लहानपणी अशक्त समजली जाणारी ही जपानी मुलगी दहाव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर नासू नावाच्या डोंगरावर गेली आणि तिला हे आवडलं. इथे शर्यत नाही, हळू चालणाराही पोहोचतो, हेच तिला भावलं होतं. १६ मे १९७५ रोजी ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिथे पाय ठेवणारी ती पहिली स्त्री.

आता मागे राहण्यातली खरी अडचण. पुढची मंडळी थांबतात, घाम पुसतात, पाणी पितात आणि तुम्ही धापा टाकत पोहोचलात की म्हणतात, "आलास? चला, निघू या." म्हणजे विश्रांती मिळाली ती फक्त ज्यांना तिची गरज नव्हती त्यांना! यावर उपाय एकच: सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला. गट त्याच्या वेगाने चालेल. कुरकुर करणारे असतीलच, त्यांच्याकडे जास्त वजन द्या.

शरीराला नेमका काय फायदा होतो?

चढणं हा हृदयाचा आणि फुफ्फुसांचा व्यायाम आहे, हे सांगायला मी नको. उतरण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये एक प्रयोग झाला होता. काही महिने माणसांना फक्त चढायला लावलं, खाली आणायला केबल कार. नंतर उलट: वर केबल कारने जायचं आणि चालत उतरायचं. चढण्यामुळे रक्तातली ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, कमी झाली, हे अपेक्षित होतं. पण रक्तातली साखर हाताळण्याची शरीराची क्षमता सुधारली ती उतरण्यामुळे. ज्याला आपण फुकटची अर्धी वाट समजतो, तीही काम करत होती.

पाय दुखतात तेही उतारामुळेच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा वापरला जातो. तो एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी आवळूनही धरत असतो. त्यात त्याला बारीक बारीक इजा होतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं, म्हणून रविवारी ठणठणीत असलेला माणूस मंगळवारी कठडा धरून जिना उतरतो. जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड याला जबाबदार आहे असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. ते काही तासांतच निघून गेलेलं असतं. चांगली बातमी अशी की एकदा हे भोगलं की पुढचे काही आठवडे स्नायू तयार असतात आणि तोच उतार निम्माही दुखत नाही. म्हणजे चार महिन्यांतून एकदा मोठा डोंगर गाठण्यापेक्षा अधूनमधून छोटी टेकडी बरी. गुडघ्यांची जुनी तक्रार किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इथे हौस चालत नाही.

डोकं शांत होतं म्हणतात. खरंच होतं, की नुसतं म्हणायचं?

काही प्रमाणात मोजून पाहिलेलं आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ जणांपैकी काहींना नव्वद मिनिटं गवताळ, झाडं असलेल्या वाटेवर चालवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटात त्याच त्या नकोशा गोष्टी उगाळत बसणं कमी झालं, आणि अशा उगाळण्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. आता खरं सांगायचं तर ती वाट डोंगरातली नव्हती. त्यामुळे डोंगरवेड्यांनी या अभ्यासाचे फार ढोल पिटू नयेत.

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पहिला तासभर डोकं शांत वगैरे काही होत नाही, उलट जास्त बडबडतं. आठवड्यातली भांडणं पुन्हा होतात, आणि या वेळी मी ती जिंकतो. मग चढ उभा होतो, श्वास वाढतो आणि भांडणाला वारा पुरत नाही. दुपारपर्यंत डोक्यात उरतं ते एवढंच: पाणी किती आहे, आणि तो ढग इकडे येतोय का.

नवीन कल्पना सुचतात का?

सुचतात, पण त्याचं श्रेय डोंगराला किती द्यायचं हा प्रश्नच आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या होत्या. चालणं महत्त्वाचं. सुचलेलं मात्र लगेच टिपून ठेवा. वर सुचलेल्या निम्म्या कल्पना खाली आल्यावर वाचवत नाहीत.

माथ्यावर एवढं काय असतं?

क्षितिज. सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला ते पाचेक किलोमीटरवर असतं. भोवतालच्या मैदानापेक्षा हजार मीटर वर गेलात की हवा स्वच्छ असताना तेच ११० किलोमीटरच्या पलीकडे सरकतं. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्याकडे बघणाऱ्या डोळ्यांना ही चैनच आहे. दूर बघताना डोळ्यातल्या भिंगाचा स्नायू खरोखर सैल होतो.

आणि नशीब असेल तर इंद्रवज्र. सूर्य पाठीशी, समोर खाली धुकं, आणि धुक्यावर तुमची लांबलचक सावली, डोक्याभोवती रंगीत कडं. गंमत अशी की प्रत्येकाला कडं स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या नाही. सगळे संत, पण आपापल्या नजरेत!

सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या माथ्यावरच्या वेधशाळेत काही आठवडे राहिला होता. ढगांवरची ही रंगीत कडी बघून तो इतका हरखला, की परतल्यावर प्रयोगशाळेत ढग तयार करू लागला. त्यातून मेघकक्ष हे उपकरण निघालं, ज्यात अणूहून बारीक कणांच्या वाटा डोळ्यांना दिसतात. १९२७ चं नोबेल पारितोषिक त्याला यासाठी मिळालं. कडं बघायला गेला आणि कण घेऊन आला.

माथा न गाठता परत आलो, तर दिवस वाया गेला का?

हा प्रश्न माझा दुखरा कोपरा आहे, म्हणून जरा सविस्तर.

एकदा मी आणि एक जुना मित्र माथ्याच्या साधारण दोनशे मीटर खाली होतो. पायथ्याशी ठरलं होतं की दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. पावणेदोनला ढग उतरले. समोरची धार निम्मी गायब झाली, वाट दाखवणाऱ्या दगडांच्या लगोऱ्या दिसेनाशा झाल्या. आम्ही एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो. "एवढंच तर राहिलंय रे," तो म्हणाला. खरंच एवढंच राहिलं होतं, वेळ फार तर अर्धा तास. मी घड्याळाकडे बघत राहिलो. त्याच्या भुवईवर धुक्याचे थेंब जमले होते, ते तो पुसतही नव्हता. दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही न बोलता सॅक उचलल्या आणि उतरायला लागलो.

तासाभराने मागे वळून पाहिलं तर ढग फाटले होते आणि माथा उन्हात लख्ख! मित्राने एक सणसणीत शिवी हासडली आणि मग हसतच सुटला. परतायला नको होतं, असं तो आजही म्हणतो. मी म्हणतो, परतलो ते बरोबर. अजून निकाल लागलेला नाही, आणि खरं सांगू का, पोहोचलो त्या माथ्यांवरून आम्ही कधी इतकं बोललेलो नाही.

त्या दिवसाने मला एक कामाची सवय मात्र लावली. परतीची वेळ मी पायथ्याशी, सगळ्यांदेखत, मोठ्याने सांगतो. वर गेल्यावर माणूस स्वतःशी फार गोड बोलतो.

भीती वाटते. काय करू?

कसली, ते आधी बघा. अरुंद वाट आणि बाजूला खोल दरी, ज्याला आम्ही दृष्टिभय म्हणतो, ते मलाही आहे. दगडाला तीन ठिकाणी पक्कं धरून चौथा हात किंवा पाय हलवायचा आणि नजर पुढच्या दोन हात अंतरावरच ठेवायची, एवढं केलं की बऱ्याच जागा निघतात. ही भीती जात नाही, ओळखीची होते. पण पाय लटपटत असतील तर तिथून परत फिरा. विजा कडाडू लागल्या, निसरडं झालं, वाट हरवली, अशा वेळी वाटणारी भीती घालवायची नसते, ऐकायची असते.

जितका उंच डोंगर, तितकं समाधान जास्त?

असं काही गणित नाही. उंचीबरोबर वाढतात त्या गोष्टी वेगळ्या. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण दाब घटतो. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, रोज धावणाऱ्यालाही. म्हणून ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. डोकं ठणकत असताना, मळमळत असताना आणखी वर जाणं हा शुद्ध मूर्खपणा.

तीनशे मीटरच्या टेकडीवर मी जितका खूश झालोय तितका काही मोठ्या डोंगरांवर झालो नाही. तिथे मी बहुतेक वेळ फक्त श्वास घेत होतो.

एकट्याने जावं की सोबतीने?

नवखे असाल तर सोबतीने. पुढे कधी एकटे गेलातच तर कुठे जाताय आणि किती वाजता परताल हे कुणाला तरी सांगून जा. सोबतीने चालण्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गप्प राहता येतं. घरात समोरासमोर बसून दोघं दहा मिनिटं गप्प बसले तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं. डोंगरात एकामागे एक चालताना तासभर कुणी बोललं नाही तरी चालतं, आणि मग समोर बघतच कुणीतरी असं काही बोलून जातं, जे तोंडावर कधी बोलला नसता.

झोप छान लागते ती फक्त थकव्यामुळे का?

थकवा असतोच, उजेडही असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ जणांना आठवडाभर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं, दिवसा सूर्य आणि रात्री फक्त शेकोटी. बॅटरी आणि मोबाइल बंद. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात जवळजवळ दोन तास आधी वाढू लागलं. उशिरा झोपणारेसुद्धा सुतासारखे सरळ झाले.

हौसेने डोंगर चढायचं वेड कधीपासूनचं?

नक्की कुणी सांगावं? पण एक जुनी नोंद मला आवडते. इटालियन कवी पेत्रार्क एप्रिल १३३६ मध्ये धाकट्या भावाबरोबर फ्रान्समधल्या व्हाँतू या सुमारे १,९१० मीटरच्या डोंगरावर गेला, केवळ वरून कसं दिसतं ते बघायला. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाने त्यांना परोपरीने अडवलं. पन्नास वर्षांपूर्वी मी वर गेलो होतो, म्हणाला, पश्चात्ताप आणि फाटके कपडे याशिवाय काही मिळालं नाही. भाऊ सरळ धारेने चढत गेला, आणि हा सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली भरकटला. वर पोहोचल्यावर त्याने सोबतचं संत ऑगस्टिनचं पुस्तक उघडलं, तर नेमकं समोर आलं की माणसं पर्वतशिखरं बघायला जातात आणि स्वतःकडे बघायचं विसरतात. कवी खजील झाला आणि उतरताना पायथ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

आडवाट धरून फसणं, वर जाऊन भलतंच काही सापडणं आणि खाली येताना गप्प होणं, हे सगळं त्या एका पत्रात आहे. मला स्वतःला त्या मेंढपाळाविषयी जास्त कुतूहल आहे. पन्नास वर्षांनीही त्याला तो दिवस कपड्यांसकट आठवत होता.

फोटो काढावेत का?

काढा. मग फोन आत ठेवा.

मलाही सुरू करायचंय. पहिली तयारी काय?

महागडी खरेदी नको. पायाला बसलेले, आधी वापरलेले बूट, पुरेसं पाणी, पावसापासून आडोसा, एक बॅटरी. जाऊन-येऊन चार-पाच तासांची, मळलेली वाट निवडा. आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. उतरताना प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. माझं अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळालंय, आणि दोन्ही वेळा मी सॅक मात्र फार विचारपूर्वक भरली होती.